लुगडें खालीं कसें पडतें?

आमच्या घरीं शिरूर अनंतपाळास गेल्या उन्हाळ्यांत एक वाद निघाला, आणि घरांतील निवृत्त गणितशिक्षक ह्या नात्यानें तो मिटविण्याचें काम माझ्याकडे आलें. माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली. आमच्या लातूर जिल्ह्यांत बारावी झालेल्या हुशार मुलीनें पुढें काय करावें हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तिनें डॉक्टर व्हावें, तें न साधल्यास इंजिनियर व्हावें, हें ‘लातूर पॅटर्न’ नांवाच्या आमच्या सुप्रसिद्ध अभ्यासपद्धतीनें केव्हांच ठरवून टाकलें आहे. अशा स्थितींत ह्या मुलीनें भर पंक्तींत सांगितलें कीं, तिला गणित व पदार्थविज्ञान शिकून ‘चित्रांतलें कापड कसें हलतें’ ह्याचा अभ्यास करावयाचा आहे. माझ्या भावाचा हात ताकाच्या वाटीवर थांबला. ‘चित्रांतलें कापड?’ एवढेंच तो म्हणाला. आमची आई आतां पंचाऐंशीच्या घरांत आहे. तिनें मात्र विचारलें, ‘कां ग, खऱ्या कापडानें काय घोडें मारलें?’

मीं त्या वेळीं कांहींच बोललों नाहीं. तीस-बत्तीस वर्षें न्यूटनचे नियम फळ्यावर लिहिले, पण त्या नियमांनीं कोणी पडद्यावर लुगडें हलवीत असेल हें माझ्या स्वप्नींही नव्हतें. पुढील दोन महिने तिनें दिलेले निबंध जमेल तसे वाचून काढले; जेथें अडलों तेथें तिलाच विचारलें. ह्या वयांत पुतणीचें शिष्यत्व पत्करण्यांत एक निराळेंच सुख आहे. जें समजलें तें येथें लिहितों, कारण अशा हट्टाचीं मुलें आतां पुष्कळ घरांत निघणार असा माझा अंदाज आहे.

ह्या विद्येचें मर्म समजून घेण्यास आपल्याच दादासाहेब फाळक्यांपासून आरंभ करणें सोयीचें वाटतें. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या ह्या पुरुषानें ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ चा चित्रपट काढण्यापूर्वीं, भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून, कुंडींत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागीं रोवून त्याच्या अंकुराचीं रोजच्या रोज चित्रें घेतलीं. पडद्यावर तें रोपटें पाहतां पाहतां वर आलें. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या हातानें किंचित् सरकवावयाच्या, चित्र घ्यावयाचें, पुन्हां सरकवावयाच्या; मग पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. वाटाण्यांत हालचाल निसर्गाची होती, फाळक्यांनीं ती टिपली. काड्यांत हालचाल फाळक्यांच्या बोटांची होती, निसर्गाचा तींत संबंध नव्हता. त्यानंतर कित्येक वर्षें जगांतील बहुतेक सारें अ‍ॅनिमेशन ह्या दुसऱ्या वाटेनेंच गेलें. सेकंदाला चोवीस चित्रें, आणि प्रत्येकाच्या मागें कोणा चित्रकाराचा हात व अंदाज.

माझी पुतणी बोलते ती तिसरी वाट. तींत हालचाल कोणी टिपीत नाहीं, आणि कोणी योजीतही नाहीं. पदार्थ कसला, किती जड, किती ताणला जातो, वारा कोणीकडचा, एवढें संगणकाला सांगावयाचें, आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांप्रमाणें पुढच्या क्षणीं काय होईल तें त्याच्याकडून काढून घ्यावयाचें. जाणकार ह्याला सिम्युलेशन म्हणतात. रांगोळी घालणें आणि बीं पेरणें ह्यांत जो फरक, तसा कांहींसा हा फरक आहे. पेरणाराला रोप कसें वळेल हें आधीं ठाऊक नसतें.

ह्याचा आरंभ फार जुना नाहीं. १९८२ सालच्या एका अमेरिकन बोलपटांत उजाड ग्रहावर आगीची लाट पसरते असें दृश्य होतें. तें हजारों सुट्या ठिणग्यांचें गणित करून साधलें होतें, आणि विल्यम रीव्ह्ज ह्यांनीं पुढल्याच वर्षीं त्या पद्धतीवर निबंध लिहिला. १९८७ सालीं टेर्झोपोलस, प्लॅट, बार व फ्लायशर ह्या चौघांनीं ताणल्या-वांकविल्या जाणाऱ्या वस्तूंचें, म्हणजे रबराचें आणि कापडाचें, गणित चित्रासाठीं मांडलें. कापडाचा विषय निघाला आहे तर तोच जरा खोलांत पाहूं. आमच्या घरचा वादही त्याच्यावरच होता.

संगणकाच्या दृष्टीनें लुगडें म्हणजे बिंदूंची एक जाळी. लांबींत शंभर व रुंदींत शंभर बिंदू घेतले तर दहा हजार होतात. प्रत्येक बिंदूला थोडें वजन असतें, आणि तो शेजाऱ्यांशीं अदृश्य स्प्रिंगांनीं बांधलेला असतो. उभ्या व आडव्या स्प्रिंगा म्हणजे ताणाबाणा. तिरप्या स्प्रिंगा कापड कोपऱ्यांतून ओढलें असतां होणारा विरोध दाखवितात. एक बिंदू सोडून पलीकडच्याला जोडणाऱ्या स्प्रिंगा घडी पडण्यास किती जोर लागेल तें ठरवितात. खळीच्या कापडांत ह्या ताठ, जुन्या धुवट लुगड्यांत अगदीं ढिल्या. स्प्रिंग किती ताणली म्हणजे किती जोरानें मागें ओढील हें हूकनें सतराव्या शतकांतच सांगून ठेवलें आहे. जोर कळला कीं न्यूटनच्या दुसऱ्या नियमानें प्रवेग, प्रवेगावरून वेग, वेगावरून नवी जागा. हें एक पाऊल झालें. मग पुन्हां पहिल्यापासून. पाऊल सेकंदाच्या पांचहजाराव्या भागाचें धरलें तर पांच सेकंदांच्या दृश्याला पंचवीस हजार पावलें. आणि बिंदू दहा हजार. म्हणजे एक लुगडें एकदां खालीं पडावयाला हें गणित पंचवीस कोटी वेळां करावें लागतें.

येथवर माझ्या नववीच्या वर्गालाही समजलें असतें. पण पाऊल इतकें लहान कां घ्यावें? मोठें घेतलें म्हणजे काम लवकर उरकेल, असें मीं तिला म्हटलें. तिनें कागदावर एक बिंदू काढला. तो आपल्या जागेपासून एक अंगुळ सरलेला आहे, आणि स्प्रिंग त्याला परत बोलाविते. पाऊल फार मोठें असलें तर तो परत येऊन जागेवर थांबत नाहीं. पलीकडे दोन अंगुळें जातो. आतां अंतर दुप्पट, म्हणून ओढही दुप्पट. पुढच्या पावलीं तो अलीकडे चार अंगुळें, मग पलीकडे आठ, मग सोळा. दहा-वीस पावलांत सारें कापड पडद्यावरून उधळून जातें. कापड वांकावयाला मऊ पण ताणावयाला फार ताठ असतें, म्हणून हा रोग त्याला विशेष जडतो.

ह्यावर डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विट्किन ह्यांनीं १९९८ सालीं जो निबंध लिहिला तो ह्या शास्त्रांत आधारग्रंथासारखा मानला जातो. युक्ति अशी कीं, बिंदू आत्तां जेथें आहे तेथील ओढ न मोजतां, तो जेथें पोंचणार आहे तेथील ओढ मोजावयाची. तो कोठें पोंचणार हें तर अजून कोणालाच ठाऊक नाहीं. तेव्हां तेंच अज्ञात धरून समीकरण मांडावयाचें. मग वरच्याच उदाहरणांत, तितकेंच मोठें पाऊल घेऊनही, एका अंगुळाचें पाव अंगुळ उरतें, त्या पावाचें पुन्हां पाव, आणि बिंदू निमूटपणें घरीं येतो. किंमत पडते ती निराळी. दहा हजार बिंदूंचे लांबी, रुंदी व उंची मिळून तीस हजार अज्ञात होतात, आणि तीं सारीं समीकरणें दर पावलाला एकदम सोडवावीं लागतात. शिवाय ह्या रीतीनें हालचालींतला जोम थोडा थोडा मरतो. पाऊल फार लांबविलें तर कापड मधांत बुडाल्यासारखें हलूं लागतें. ही युक्ति गणितज्ञांना पूर्वींपासून माहीत होती, पण ती कापडाला चपखल लावून दाखविण्याचें श्रेय ह्या दोघांचें. बोलपटांतील कापडाच्या ह्या कामाबद्दल त्यांना व मायकेल कास ह्यांना २००६ सालीं ऑस्कर देणाऱ्या अकादमीनें तांत्रिक पारितोषिक दिलें.

आपल्या देशांतही हें काम चालतें. २०१२ सालीं राहुल नारायण ह्यांनीं, ते अमेरिकेंत असतां, दोन सहकाऱ्यांसह असें दाखविलें कीं जाळी सगळीकडे सारखी दाट ठेवण्याचें कारण नाहीं. जेथें चुण्या पडतील तेथें ती आपोआप दाट व्हावी, आणि कापड सपाट झालें कीं पुन्हां विरळ व्हावी. नऊवारी नेसणाऱ्या भगिनींना हें चटकन पटेल. निऱ्यांपाशीं दाट, पाठीवरच्या पदरांत विरळ. ते आतां दिल्लीच्या आय. आय. टी. मध्यें शिकवितात. पवईच्या आय. आय. टी. मध्यें संगणकशास्त्र विभागांत प्रा. पराग चौधुरी ह्यांचाही हा विषय आहे. म्हणजे हें शिकावयास सातासमुद्रांपलीकडे जावें लागतें असें नाहीं, हा मुद्दा माझ्या भावाच्या कानीं मीं मुद्दाम घातला.

कापडावरून आम्ही धान्यावर आलों, तें आईमुळें. ती मापानें ज्वारी डब्यांत ओतीत होती. ज्वारी मापांतून पाण्यासारखी वाहते, पण खालीं पडल्यावर पाण्यासारखी पसरत नाहीं; तिची रास होते, आणि त्या राशीचा उतार जवळजवळ ठरलेला असतो. दाणा दाणा मोजावयाचा म्हटला तर एका पोत्यांतच संगणक थकेल. म्हणून नारायण ह्यांनीं अभिनव गोलस व मिंग लिन ह्यांच्यासह २०१० सालीं रेती-धान्यासारख्या पदार्थांना एक सलग प्रवाह मानून, पण दाण्यांचें घर्षण त्यांत राखून, गणित बसविलें. पाण्याचीं समीकरणें तर नाव्हियेनें १८२२ सालीं व स्टोक्सनें १८४५ सालीं लिहून ठेवलेलीं. तीं न उधळतां भरभर सोडविण्याची सुटसुटीत रीत योस स्टॅमनें १९९९ सालीं चित्रकारांच्या हातीं दिली. पाण्याचे सुटे कण धरून हिशेब करण्याची दुसरी एक रीत आहे, ती १९७७ सालीं खगोलशास्त्रज्ञांनीं ताऱ्यांसाठीं काढली होती. २०१३ च्या ‘फ्रोझन’ ह्या बोलपटांतलें बर्फ, जें आमच्या मराठवाड्यांत कोणी डोळ्यांनीं पाहिलें नसेल, तें घन पदार्थांच्या यंत्रशास्त्रांतून १९९४ सालीं निघालेल्या पद्धतीनें साधलेलें आहे. चित्राची विद्या ही अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून विरजण मागून आणणारी आहे, आणि त्यांत तिला कमीपणा वाटत नाहीं.

पुण्याचे हवामानशास्त्रज्ञ मोसमी पावसासाठीं ह्याच कुळांतलीं समीकरणें सोडवितात. आपला पहिला महासंगणक ‘परम ८०००’ हाही १९९१ सालीं पुण्यासच तयार झाला. पण चित्रांतला ढग चुकला तर कोणाची पेरणी बुडत नाहीं. येथेंच माझ्या मनांतली खरी अढी होती. नियम खरे, गणित खरें, आणि शेवटीं उपयोग काय, तर प्रेक्षकाला खरें वाटावें! २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ मधील कृष्णविवराची गोष्ट घ्या. किप थॉर्न ह्या नामांकित भौतिकशास्त्रज्ञानें समीकरणें दिलीं. त्याच वर्षीं मुंबईच्या प्राइम फोकसशीं जोडल्या गेलेल्या लंडनच्या डबल निगेटिव्ह ह्या संस्थेनें प्रकाशाच्या वांकलेल्या वाटा मोजल्या. पुढें त्यावर शास्त्रीय नियतकालिकांत निबंधही आला. इतकें करूनही, तबकडीची एक बाजू उजळ व दुसरी अंधुक दिसली पाहिजे हा खरा परिणाम, प्रेक्षक गोंधळतील म्हणून, बोलपटांतून वगळला. मला हें खटकलें. पुतणी म्हणाली, ‘काका, त्यांनीं लपविलें नाहीं ना? निबंधांत लिहिलें आहे.’ हें उत्तर अर्धेंच आहे असें मला अजून वाटतें.

माझ्या अढीचें कारण निराळें होतें, आणि तें तिला ठाऊक होतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, चार वाजण्याच्या सुमारास, गणपति विसर्जन करून माणसें निजलीं असतां किल्लारीचा भूकंप झाला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणत असूं, त्या बाजूच्या एका खेड्यांत दिलेली होती. तिच्या सासरचें घर माळवदाचें. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, वर तुळया, आणि तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत त्यासारखें गार घर नाहीं. आक्का त्या घराखालीं गेली. मेहुणे ओट्यावर निजले होते म्हणून वांचले. पुष्कळ वर्षांनीं त्यांनीं मला एवढेंच सांगितलें कीं, भिंत पडली असें म्हणूं नये, ती उकलली. बाहेरचे दगड बाहेर गेले, आंतले आंत आले, आणि मग माळवदाला खालीं आधारच उरला नाहीं.

दोनतीन वर्षांपूर्वीं मुलांनीं घरांत एक परदेशी बोलपट लावला होता. त्यांत अख्खें शहर कोसळतांना दाखविलें होतें, आणि तें खूपच वेळ कोसळत होतें. मीं उठून ओसरीवर जाऊन बसलों. ही मुलगी मागोमाग आली, जवळ बसली, आणि बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, ‘आक्काआत्याचें घर असें पडलें का?’ मीं म्हटलें, ‘नाहीं,’ आणि मेहुण्यांनीं सांगितलेलें तिला सांगितलें. ‘मग तें कसें उकललें हें मोजतां येईल का?’ असें तिनें विचारलें. तिच्या ह्या साऱ्या नादाचा उगम त्या रात्रींच्या प्रश्नांत आहे. तिच्या बापाला हें माहीत नव्हतें. मलाही तें ह्या उन्हाळ्यांतच नीट कळलें.

मोजतां येतें. पीटर कंडॉल ह्यांनीं १९७१ सालीं भेगाळलेल्या खडकाचें गणित करण्याची रीत काढली. तींत प्रत्येक दगड सुटा, दगड दगडाला जेथें टेकतो तेथील दाब व घर्षण तेवढें मोजावयाचें, आणि पावलापावलानें पुढें जावयाचें. तींच पावलें, जीं आपण लुगड्यापाशीं पाहिलीं. चित्रवाल्यांनीं ही रीत रेतीला लावली. वास्तुशास्त्रज्ञ दगडी भिंतींना लावितात. वस्तु कोठें तडकेल हें चित्रकाराच्या मर्जीवर न ठेवतां आंतील ताणावरून ठरविण्याचें काम जेम्स ओब्रायन व जेसिका हॉजिन्स ह्यांनीं १९९९ सालीं केलें. तरी बोलपटांत आजही पुष्कळदां इमारतीचे तुकडे आधींच पाडून ठेवलेले असतात आणि धूळ मागाहून निराळी मिसळतात. दिग्दर्शकाला मनोरा डावीकडे पडावयास हवा असला तर तो डावीकडे पडतो. आमच्याकडील भिंतींत दोन अंगांना सांधणारे आरपार लांब दगड नसत, मधें मातीचा व चुऱ्याचा भरणा असे, आणि वर माळवदाचें ओझें. भूकंपानंतर जुन्या भिंतींत असे सांधणारे दगड बसविण्याची शिफारस झाली ती ह्याचसाठीं. हें गणित करणाराला माती किती धरून ठेवते हा आंकडा खरा लागतो. तो आंकडा ओलीचा निराळा, कोरडीचा निराळा, गांवागांवाचा निराळा. तेथें ‘वाटतें खरें’ चालत नाहीं.

‘मग तूं सरळ तीच विद्या कां शिकत नाहींस?’ मीं विचारलें. ती म्हणाली कीं तेंच मनांत आहे, पण आधीं जेथें चूक झाली तर नुसतें चित्र बिघडतें अशा ठिकाणीं हात बसूं द्या. ह्या उत्तरावर गणिताच्या मास्तराला बोलण्यासारखें फारसें उरत नाहीं.

माझ्या भावाचा आक्षेप मात्र पोटाचा होता, आणि तो मीं हलका मानीत नाहीं. ‘लाइफ ऑफ पाय’ ह्या बोलपटांतील वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीनें केला, तिच्या शाखा मुंबईस व हैदराबादेसही होत्या. त्या कंपनीनें ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्यानंतर तेराव्या दिवशीं त्याच बोलपटाच्या दृश्यांना ऑस्कर मिळालें. हा दाखला भावाला कोठून मिळाला कोण जाणे, पण तो त्यानें चांगलाच वापरला. ह्या धंद्यांत काम ठराविक मुदतीचें आणि रात्री जागरणाच्या असतात, हेंही खरें. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं, मुलीनें नुसतें अ‍ॅनिमेशन न शिकतां गणिताची पदवी घ्यावी. मग जो कांहीं रस्ता निघेल त्याला गणित उपयोगी पडेलच. भावानें संमति दिली असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें पुण्याच्या खोलीच्या भाड्याची चौकशी केली, एवढें खरें.

जाण्याच्या आदल्या आठवड्यांत पुतणीनें आपण स्वतः लिहिलेला शे-दीडशे ओळींचा कार्यक्रम लॅपटॉपवर आजीला दाखविला. दोरीवरून एक लुगडें सुटतें आणि खालच्या पाटावर पडतें, इतकेंच त्यांत होतें. आईनें चष्मा लावून तीनदां पाहिलें.

‘हें इरकली नव्हे,’ ती म्हणाली.

‘आजी, इरकलीच आहे. मीं तुझें लुगडें तोलून वजन घातलें आहे.’

‘वजन असेल. पण ह्याला काठ कोठें आहे? काठ आधीं खालीं येतो, मग अंग येतें. हें सगळें एकदम येतें आहे, पंचासारखें.’

पुतणी कांहीं न बोलतां उठली, आंतून आजीचें लुगडें आणलें आणि खुर्चीवर उभी राहून चार-पांच वेळां खालीं सोडून पाहिलें. मग रात्रीं काठाच्या ओळींतील बिंदूंचें वजन वाढविलें, त्यांच्यामधल्या स्प्रिंगा ताठ केल्या, आणि सकाळीं देवपूजा आटोपल्यावर पुन्हां दाखविलें.

‘आतां पडलें,’ आई म्हणाली, आणि वाती वळावयास बसली.